व्हॉल्व्ह

नळी काढून आज नववा दिवस.
एकतीस वर्षं पाणीखात्यात व्हॉल्व्ह फिरवले मी,
कुर्टी, बेतोडा, कवळे,
कुणाला किती, कधी, सगळं या मनगटात.
आता शिंकलो तरी लुंगी भिजते.

मथुरा काही बोलत नाही.
माझे पंचे वाळत घालते मागच्या दोरीवर,
आंबाड्याच्या झाडाआड.

पदेराचा भोंपू. सायकल दारात.
“कसो आसा, बाब?”
“बरो,” म्हणतो. सोप्यावरून उठत नाही.

डॉक्टरनं सांगितलंय: आवळा, दहा मोजा, सोडा.
आवळतो.
आत कुठेतरी गंजलेली चावी
पाव आटा फिरते.
सहा... सात...

“उंडे किती घेऊ?” मथुरा आतून विचारते.
“चार,” म्हणतो मी,
आणि मोजणी चुकते.