एकेचाळीस नंबरची ओळ

हुसाविकच्या धक्क्यावर, मासळीच्या जुन्या गोदामात
स्टेनव्होर देवमाशांचे आवाज डेटाबेसमध्ये भरते.
एकेक फाइल चारशे एमबीची,
बंदरातलं नेटवर्क मात्र गोगलगाय.

आधी तिचा कोड विचारायचा, "आहे का?"
मग मागे येऊन ओझं उचलायचा.
दर फाइलीला दोन हेलपाटे.
तेवढ्यात दुसऱ्या बोटीनंही तेच विचारलेलं,
दोघींना उत्तर "नाही",
आणि एकच मासा दोनदा जन्मलेला.

आता एकच वाक्य:
नसेल तर ठेव, असेल तर बदल.
तेही आधी नुसता हॅश पाठवून,
बत्तीस बाइटांचा अंगठा.
जुळला, तर ओझं बोटीतच राहू दे.

फेब्रुवारीत एकेचाळीसची नवी फाइल आली.
अंगठा वेगळा.
"चढव," हॉलब्यॉर्न म्हणाला.
तिनं हेडफोन लावला.
सत्तावीस मिनिटं पाणी,
मध्येच एका दोराची करकर.

जुन्या ओळीत तो नर अजून गात होता.

स्टेनव्होरनं एंटरवरचं बोट काढलं,
किल्लीत तारखेचा रकाना वाढवला.
गाणं राहिलं गाण्याच्या जागी,
पाण्याला त्याची ओळ मिळाली.

हॉलब्यॉर्न कुरकुरत
डिस्कचा हिशोब मांडत बसला.