विहंगावलोकन

साहेबांनी बजावलंय, एका पानात आटप.
इंबाबा, पश्चिमेकडचा भाग: विहंगावलोकन.
चौरस किलोमीटरला माणसं किती,
खोलीमागे किती, संडासामागे किती.

तीन आठवडे मी जिने चढतेय.

पहिल्या घरी सात नावं सांगितली,
ताटं आठ वाळत होती. मी विचारलं नाही.
दुसऱ्या घरी पलंग एक, झोपणारे दोन:
वगदी रात्रभर बेकरीत भट्टीपुढे,
मेहुणा पहाटे टुकटुक काढतो.
उशीची ऊब मोडतच नाही.
रकान्यात लिहिलं, पलंग एक.
खाली पेन्सिलीनं: अजून गार न झालेला.

गल्ली अशी की मीठ संपलं
तर जिना उतरत नाही कुणी, हात लांबवतात.
करीमाच्या लग्नातलं कपाट दोरानं खिडकीतून वर घेतलं.
दोन वर्षांनी तिचा सासरा
त्याच खिडकीतून, त्याच दोरानं खाली.
जिन्याच्या वळणावर आडवा माणूस मावत नाही.
खाली सगळी गल्ली हात वर करून उभी होती,
गॅसवाल्यानंसुद्धा सिलिंडरवर पाना आपटणं थांबवलं.

तीळ ठेवायला जागा नाही म्हणतात.
आहे. मी पाहिलीय:
जिन्याखाली न्हावी, न्हाव्याच्या आरशामागे कोंबड्या.

इमारत नकाशात तीन मजली, पायांना पाच.
गच्चीवर गंजक्या सळया आभाळात घुसलेल्या,
धाकट्याच्या संसारासाठी राखून ठेवलेलं आभाळ.
त्यापलीकडे फळकुटांचा मनोरा,
वाऱ्यानं करकरणारा.
शहाताची कबुतरं.

मी म्हटलं, वरून काय दिसतं ते लिहायचंय.
"मग तीन आठवडे खाली काय करत होतीस?"

त्यानं लाल फडकं हलवलं.
थवा उठला, कलंडला, अख्खा पांढरा झाला,
पुन्हा वळला आणि शाईसारखा काळा.
"एक्केचाळीस," तो म्हणाला. बोटं न मोडता.
समोरच्या गच्चीवरून सब्रीनं आपला थवा सोडला.
दोन्ही थवे एकमेकांत शिरले, नाईलकडे गेले,
रेल्वेच्या पुलावरून वळून आले.

अकरा वर्षं दोघं बोलत नाहीत.
एकाचं पाखरू दुसऱ्याच्या थव्यात गेलं तर ते त्याचं,
असा इथला रिवाज. कुणी लिहून ठेवलेला नाही.

उतरले ते बेचाळीस.

एकाच्या पायात निळी कडी. सब्रीची.
तो तिकडे कपाळावर हात धरून मोजत होता,
मोजून झाल्यावरही मोजत होता.
शहातानं पाखरू उचललं, पंख उलगडून पाहिला,
छातीवर अंगठा ठेवून जरा थांबला.
"दमलंय. उद्या सोडीन," म्हणाला,
आणि मग माझ्याकडे न बघता,
"हे लिहू नकोस."

लिहिलंय.

उतरण्याआधी मी एकदाच खाली पाहिलं.
दोन गल्ल्या सोडून, टाकीशेजारी,
हिरव्या ओढणीतली बाई चिमटे तोंडात धरून कपडे वाळत घालत होती.
पाखरांच्या आवाजानं तिनं मान वर केली.
मी दिसले नसणार.
आई. ते घर मी शेवटी ठेवलंय.
तिथे काय विचारायचं ते अजून ठरत नाही,
नावं मला पाठ आहेत.

साहेब, पान पुरलं नाही.
समासातही लिहिलंय, ओळींच्या मधेही.
अक्षरं जरा सरकून बसलीत.