साप का वाम

उमरटोल्याच्या मच्छीमार सोसायटीचा संगणक
मंगळवारी, बाजाराच्या दिवशी बंद पडला.
बंद म्हणजे चालू होता, पंखा फिरत होता,
पण सभासदांची यादी, बोडीचा लिलाव, बीज सोडल्याच्या तारखा,
सगळ्या फायलींना एकच नवं आडनाव लागलेलं
आणि पडद्यावर लाल अक्षरांत खंडणी,
अशा चलनात की उरकुडाकाकांनी तीनदा वाचून विचारलं,
"हे कोनत्या बँकेत भेटते?"

साकोलीच्या स्टुडिओतून पेनड्राइव्ह आला होता,
नानाजीच्या पोरीच्या लग्नाचे फोटो.
फोटोही होते. हळद, अंतरपाट, रुसलेली करवली.
आणि त्यांच्या रांगेत, फोटोचाच चेहरा लावून, हा.

मी त्याला लॅपटॉपमधल्या लटक्या संगणकात सोडलं.
गप्प बसून राहिला.
त्याला कळतं, कोणीतरी बघतंय.
बाण हलत नाही, अक्षर उमटत नाही,
म्हणजे हे घर नव्हे, पिंजरा.
मग एका हाताने भात खात
दुसऱ्या हाताने मी उगाच माउस फिरवत राहिले,
खोटं पत्र लिहिलं, "प्रिय ताई, इकडे सर्व खुशाल",
तेव्हा कुठे त्याने अंग हलवलं.

काका ओट्यावर जाळं सांधत होते.
"पोरी, जारात हात टाकल्याबिगर
साप का वाम, काई समजत नाई."

मी म्हटलं, काका, माझ्या प्रबंधाची एकशेचाळीस पानं
ह्याच्याच आसपास फिरतात. पण एवढंच नाही.
तुमच्या हाताला वाम कळते, बहुतेक वेळा.
सिद्ध झालंय ते असं, की प्रत्येक जाळ्यात, प्रत्येक वेळी,
न चुकता ओळखणारा हात असूच शकत नाही.
कोणी म्हणालाच मला आहे,
तर त्याच्याच हातावरून अशी एक वाम घडवता येते
जी त्याने साप म्हटलं की निमूट वाम राहते
आणि वाम म्हटलं की डसते.

काकांनी सुई थांबवली.
"मंग थे वाम नोहे. थो वकील."

किल्ली शोधायची तर सूर्य विझेल.
सापडलेली लावून बघायला मात्र पापणी लवायचाही वेळ नको.
ह्या दोहोंतलं अंतर खरोखर आहे का,
हे अजून कोणी सिद्ध केलेलं नाही,
मी बारा वर्षं त्याला टेकून बसलेय, हललं नाही.
पण हे लिहिणारा आळशी होता.
किल्ली घडवताना त्याने फासे टाकले नाहीत,
नुसतं घड्याळ पाहिलं.
दिवसाचे शहाऐंशी हजार चारशे सेकंद,
सेकंदाचे लाख तुकडे,
माझा लॅपटॉप दिवाळीपर्यंत बसला असता.

"पेनड्राइव्ह केव्हा लावला?"
"लाइट आली तवा."
"लाइट केव्हा आली?"
ते झनकलाल कटरेला ठाऊक.
मिरची अर्धी दळून चक्की अडकली होती त्याची,
सव्वाचारला सुटली, घड्याळाकडे बघतच बसला होता.
सोसायटीचा संगणक सात मिनिटं मागे.
म्हणजे चार आठ, फार तर चार तेरा.

रात्रभर लॅपटॉप तापत राहिला, मच्छरदाणीत, माझ्या उशाशी.
पहाटे यादी उघडली.
नानाजीची मुलगी बाशिंग बांधून उघडली.
लिलावाची एक फाईल मात्र नाही उघडली,
का, ते मला अजून कळलेलं नाही.

बोडीवर वाटे पडत होते.
मरळ, दाडक, शिंगूर, लहानमोठ्या वीस,
त्यांचे दोन ढीग पाच लाखांवर तऱ्हांनी पडतात.
चाळीस असत्या तर मला विचारूच नका.
काकांनी डोळ्याने घातले,
एक दाडक उरली, ती माझ्या पिशवीत टाकली.

"आता पुन्यांदा नाई येनार ना थो?"
"सांगता येत नाही, काका."
"येवढं शिकून बी?"

मी पिशवीचं तोंड घट्ट धरलं.
दाडक अजून हलत होती.