समास

नवापूर स्टेशनच्या बाकावर
अर्धी मी महाराष्ट्रात, अर्धी गुजरातेत,
मांडीवर बाबांचा जाडजूड ग्रंथ,
तूरडाळीच्या पोत्याचं कापड शिवलेलं कव्हरला.

सात जुने लेखक एकाच बांधणीत.
कुणी देव आहे हे गणितासारखं सोडवतो,
कुणी नुसती कबुली देतो, रडत रडत, चाळीस पानं.
वाक्यं लांब. दम लागतो
चरणमाळच्या घाटात बैलांना लागायचा तसा.

बाबांची पेन्सिल मात्र थोडक्यात बोलते.
पहिल्या पुराव्यापाशी : पटलं.
दुसऱ्यापाशी : पुन्हा वाचणे. डाळमिलचे १४० येणे.
तिसऱ्यापाशी, फार दाबून :
बरोबर. पण रिबका?

रिबका माझी धाकटी. सिकलसेल.
तिसरीत होती.
त्या रविवारीही बाबा देवळात
गीत सांगायला उभे राहिले,
आवाज हलला नाही त्यांचा,
आणि मी पुढची अकरा वर्षं
त्यांच्या ताटात भाकरी वाढली, बोलले नाही.

तिथून दोनशे पानांचे समास कोरे.
वाचली, की नुसतीच उलटली?
मग एका प्रार्थनेशेजारी,
जिच्यात पुरावा म्हणून काहीच नाही,
एक रेघ.
खोडलेली. पुन्हा ओढलेली.

सुरतेची गाडी पाऊण तास लेट.
चहावाला विचारतो, बायबल का हो ताई?
नाही म्हणते. मग हो म्हणते.
पर्स चाचपते :
पेन्सिल नाही,
काजळाची कांडी आहे.