प्रकल्प सहाय्यक

नेमणुकीचं पत्र बाबांनी वाचलं
ते सगळे सरकारी कागद वाचतात तसंच :
आधी शिक्का, मग सही, मग जावक क्रमांक,
मजकूर सगळ्यात शेवटी.
संगणकशास्त्र विभाग, पद प्रकल्प सहाय्यक, कंत्राटी.
‘परकल्प?’ ते थांबले.
‘यो कनाचा परकल्प?’

आमच्या घरात त्या शब्दाला शेपूट आहे.
लोखंडी पेटीत, दुधाच्या धुतलेल्या पिशवीत
घडी पडून फाटत आलेला दाखला :
हसुराम कमळ्या तांडेल, मौजे करावे,
प्रकल्पग्रस्त.

मी म्हटलं, हा वेगळा आहे, बाबा.
यात जमीन जात नाही.
आठवड्याचे वीस तास जातात.
फी माफ, आणि महिन्याला बावीस हजार,
म्हणजे, पत्रावर.

अर्जासोबत उत्पन्नाचा दाखला जोडावा.
हजेरीपत्रक मार्गदर्शकांच्या सहीने जोडावं.
सर्व कागद तीन प्रतींत सादर करावे.
माझ्या गावाचं नाव इतक्या फॉर्मवर छापलेलं आहे
हे मला ठाऊकच नव्हतं.

‘निधी आलाय,’ सोनटक्के म्हणतात खिडकीतून,
‘लेखाशीर्ष यायचंय.’
म्हणजे धड पोहोचलं,
डोकं वाटेत आहे.
असा एक महिना. असे दोन.
कुरियन सर त्यांच्या पाकिटातून देऊ करतात, मी नको म्हणते,
आणि कँटीनमध्ये चहाच घेते, सोबत काही नाही.

दरम्यान त्रेसष्ट जर्नल्स.
त्यातल्या एकेचाळीसांत एकच चूक, एकाच ओळीत,
स्पेलिंगसकट.
कुणी कुणाचं उतरवलं ते शोधत बसणं,
याला करारात मूल्यमापन म्हणतात.

गुरुवारी पॉइंटर शिकवला.
पॉइंटर म्हणजे वस्तू नव्हे, फक्त तिचा पत्ता.
फ्री म्हटलं की जागा सिस्टिमकडे परत जाते,
ती दुसऱ्या कुणालाही मिळू शकते.
पॉइंटरला कुणी कळवत नाही.
तो तिथेच बोट दाखवत राहतो.
झोया मुकादमने हात वर केला,
‘मॅडम, मग तिथे असतं काय?’
दुसऱ्या कुणाचं तरी काहीही.
‘आणि तरी वापरला तर?’
सांगता येत नाही. कधी चालतोसुद्धा.
म्हणून शहाण्याने असा पॉइंटर लगेच शून्य करावा,
मी फळ्यावर लिहिलं, आणि खाली दोन रेघा मारल्या.

ओळखपत्र घरी विसरले होते, त्याच दुपारी
बाबा स्कूटरवरून घेऊन आले.
वॉचमनने गेटवर नाव लिहायला लावलं,
कामाचं कारण, आत जायची वेळ.
ते आत आलेच नाहीत.
पार्किंगच्या कडेला उभे राहून
त्या बिहारी पोराला समजावत होते,
‘यो बांध जायाचा असा.
तवरं आगर. न ती आपली उघारी,
भरतीचं पानी तिथशी घ्यायाचं.’
बोट तिसऱ्या मजल्यावर,
सर्व्हर रूमच्या एसीवर.
तो पोरगा मान वर करून बघत होता,
खरंच बघत होता.
मी ओळखपत्र घेतलं. त्यांचं बोट
खाली यायची वाट पाहिली.

पैसे तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस एकदम आले.
सहासष्ट हजार.
मी मोबाइलवर हिशेब केला, मग सवयीने पुन्हा हाताने,
आणि एटीएममधून, पाव किलो शेव घेऊन, घरी.
बाबांच्या पुढ्यात नोटा ठेवल्या,
आठ हजार दोनशे पन्नास.
‘यं काय?’
साडेबारा टक्के, मी म्हटलं.

आधी ते हसले.
मग चष्मा लावला, दोनदा मोजले,
पन्नासची नोट उजेडाला धरली,
आणि खिशातलं पेन काढून
माझ्याकडे बघत विचारलं,
‘सही कंच्या जाग्याव करू?’