मलप्रभा

अकरा वर्षं ती उद्यमबागेतल्या शेडमध्ये होती,
लेथ आणि भंगाराच्या मध्ये
गाभण म्हशीसारखी कूस टाकून.
लोक विचारायचे, नागोजी, समुद्र कुठाय हितं?
मी म्हणायचो, आहे की. दीडशे किलोमीटरवर.
शेवटाला उतारच आहे.

सुकाणूच्या पिना मीच काढल्या, रात्रपाळी संपल्यावर.
मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा चुकला
तर मालक जॉब अंगावर फेकायचा, तो हात माझा.
दामू हरिकंत्र हसला. चौदाव्या वर्षापासून पाण्यावरचा माणूस.
म्हणाला, तिकडं दोन मैल चुकलास
तर बरोबर आलास म्हणायचं.
तेव्हापासून झोप नीट नाही.

शिडं वडगावच्या शांतव्वानं शिवली.
जन्म लुगडी विणण्यात गेला तिचा.
कापड उलटंसुलटं करून म्हणाली, ह्याचा पदर कुठला?
वारा धरेल तो, मी म्हटलं.
मग काठ दुहेरी घालते. आधी काठच जातो.

भिंतीवर खडूनं यादी:
पाणी ऐंशी लिटर. डिझेल दोन कॅन. फ्लेअर सहा.
सुया, मेण, दोर.
होकायंत्र, आणि ते बिघडलं तर दुसरं.
गोकाकचा करदंट चार डबे, त्याला मरण नाही.
मांडे नकोत, खाऱ्या हवेत तासात मऊ पडतात.
तरी बायकोनं दिलेच.
मिनिकॉय कुठं आलं, तिनं विचारलं नाही.
नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं,
तोवर याल काय?
त्या खेपेला नाही, म्हटलं.
मग कुठल्या खेपेला, ते माझ्याच्यानं सांगवेना.

नावेला नाव घालायला पेंटर इरण्णा आला.
ब्रश भिजवून उभा. कुठल्या अक्षरात?
शेडमध्ये आठ माणसं होती, आठही गप्प.
दुकानांच्या पाट्यांवर पडलेले दगड
सगळ्यांनी बघितलेत हितं. दोघांनी उचललेले बघितलेत.
इरण्णानंच मग डाव्या कुशीवर मराठीत काढलं,
उजव्या कुशीवर कन्नडमध्ये,
आणि पैसे एकाच नावाचे घेतले.

मलप्रभा. कणकुंबीला उगवते.
पश्चिमेला थोडं वाकली असती तर समुद्र होता,
तर ही पाठ फिरवून कृष्णेकडं निघाली.
पलीकडच्या उतारावरचं पाणी म्हादईतून पोचतं,
हिनं हा किनारा बघितलाच नाही कधी.
म्हणून हे नाव. बाकी काही नाही.

खानापुरात ट्रेलर थांबला.
चहावाल्यानं तीस फुटांची नाव बघितली,
मग आभाळ बघितलं.
धरण फुटणार काय हो?
अणशी घाटात फकीरप्पा पहिल्या गिअरवर,
प्रत्येक वळणाला निधान, निधान.
नावेला म्हणत होता की स्वतःला, कळलं नाही.

बैतखोल. जानेवारी. पहाटेचे साडेचार.
मतलई सुटली होती, घाटावरून उतरलेली,
जळक्या पाचोळ्याचा वास घेऊन.
म्हणजे ट्रेलरच्या मागोमाग हीही आलेली.
दामूनं दोर सोडला. मी इंजिन बंद केलं.
काहीच झालं नाही.
मग वर काठ ताणल्याचा आवाज आला,
कोऱ्या लुगड्याची घडी मोडावी तसा.

देवगड बेटावरचा दिवा उजवीकडून मागं गेला.
पुढं वारा फिरला, शीड पालटलं, आम्ही वळलो.
आता किनाऱ्याला दुसरं नाव दिसत असणार.
अंधारात कोण वाचतंय.

उजाडता उजाडता पोटातला मांडा वर आला.
वाकलो, तर छातीशी काहीतरी टोचलं:
खिशात व्हर्नियर.
दामू झोपला होता. लाटेसमोर धरून
जबडा पुरता उघडला,
मग मिटून परत ठेवला
आणि पिनेवर बोट टेकवलं.
हलत नव्हती.