बोगद्याच्या तोंडाशी

नाण्याएवढी पाटी, तिच्यावर एक भिंग,
यूएसबीची वायर थंडीनं काठीसारखी ताठ.
राग्नहिल्ड दातांत टेप धरून ती बसवते
बर्फ काढणाऱ्या गाडीच्या काचेमागे.

जुना कॅमेरा बोगद्यात ठीक होता.
बाहेर पडताना मात्र
नुसता पांढरा भडका.

हा एकच क्षण दोनदा पाहतो,
घाईनं, उजेडासाठी;
सबुरीनं, काळोखासाठी.
मग दोन्ही एकात कालवतो.

पहिल्याच फेरीत पडद्यावर
खडकातली ओल, बर्फाचे कंगोरे,
आणि कठड्यापाशी कुणी म्हातारा,
कानटोपीत, हात वर केलेला.

"हा तर आस्लाक," ड्रायव्हर म्हणाला.
"रोज असतो?"
"काय माहीत. अकरा हिवाळे
इथं मी डोळे मिचकावतच बाहेर पडतो."

परतताना त्यानं वेग कमी केला,
हॉर्न दोनदा वाजवला.